आमच्या फ्लॅटमध्ये आधी कोण राहायचं?

बर्लिनमध्ये राहायला खोली मिळवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी मिळवलीय त्यांनाच विचारा. नोकरीसाठी मला तीन इंटरव्ह्यू द्यावे लागले, खोलीसाठी सतरा! २०२२ मध्ये मी पुण्याहून इथे आले, तेव्हा पहिले दोन महिने सूटकेस ओढत या हॉस्टेलमधून त्या हॉस्टेलमध्ये फिरत होते. शेवटी एका शनिवारी शोनेबर्ग भागातल्या एका फ्लॅटमध्ये तिघांनी मिळून माझी परीक्षा घेतली. स्वयंपाक करतेस का, रात्री फोनवर मोठ्याने बोलतेस का, मांजर चालेल का. मी तिन्ही प्रश्नांना त्यांना हवी ती उत्तरं दिली (दुसऱ्याचं धादांत खोटं होतं) आणि खोली मिळाली.

घर मात्र भन्नाट. पहिल्या महायुद्धाच्या आधीचं. बारा फुटांवर छत, छताला प्लास्टरची नक्षी, चालताना कुरकुरणारी लाकडी जमीन, दोन पाखांची उंच दारं. पाच खोल्यांचा फ्लॅट, त्यात आम्ही चौघं: एक पोलिश डिझायनर, एक स्पॅनिश शेफ, पीएचडी करणारा एक जर्मन मुलगा आणि मी. माझी खोली सगळ्यांत लहान. स्वयंपाकघराला लागून, आतल्या चौकाकडे खिडकी असलेली. जुन्या काळी ती घरातल्या मोलकरणीसाठी असायची म्हणे. मला काय, भाडं कमी होतं!

इथे फ्लॅटला नंबर नसतो. खाली दारावरच्या बेलपाशी आडनाव लावायचं, पोस्टमन त्यावरूनच पत्र टाकतो. माझं आडनाव घरमालकाच्या माणसाने दोनदा चुकवलं. तिसऱ्या वेळी बरोबर लागलं तेव्हा मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आई म्हणाली, ‘‘छान. आधी कोण राहायचं तिथे?’’

आपल्याकडे हा प्रश्न कुणीही विचारतं. आधीचे भाडेकरू का गेले, घर लाभतं का, वास्तुशांत केली होती का. मी म्हटलं, एक कोरियन मुलगी होती, ती परत गेली. आईचं समाधान झालं, माझंही.

पायाखालचं पितळ

आमच्या शेजारच्या घरासमोर फुटपाथच्या दगडांत पितळेचे तीन छोटे चौकोन आहेत. तळहाताएवढे, दहा बाय दहा सेंटीमीटरचे. वर्षभर मी त्यावरून ये-जा करत होते. बर्लिनमध्ये ते इतके आहेत की दिसेनासेच होतात.

२०२३ च्या ९ नोव्हेंबरला मी ऑफिसमधून येत होते. अंधार पडला होता, पाऊस भुरभुरत होता. शेजारच्या घरातले एक पंचावन्न-साठ वर्षांचे गृहस्थ गुडघ्यांवर बसून ते चौकोन घासत होते. आपल्याकडे दसऱ्याला पितळेची भांडी घासतात ना, अगदी तसे. बाजूला मेणबत्ती, एक पांढरं फूल. १९३८ मध्ये याच रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली होती, प्रार्थनास्थळं जाळली होती. म्हणून दरवर्षी या तारखेला लोक हे दगड घासतात.

मी वाकून वाचलं. ‘इथे राहत होत्या’, मग नाव, जन्मसाल, कुठल्या साली नेलं, कुठे मारलं. बस.

या दगडांना म्हणतात श्टॉल्परश्टाइन, म्हणजे ठेच लागणारा दगड. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोन शहरात पहिला दगड बसवला. बर्लिनमधले पहिले दगड त्याने १९९६ मध्ये क्रॉइत्सबर्ग भागात चक्क परवानगी न घेता बसवले. २०२३ मध्ये एक लाखावा दगड बसला. एकट्या बर्लिनमध्ये दहा हजारांहून जास्त आहेत. सगळ्यांना ही कल्पना आवडते असं नाही. म्युनिक शहराने सार्वजनिक फुटपाथवर असे दगड बसवायला परवानगीच दिलेली नाही. मेलेल्यांच्या नावावर लोकांनी पाय द्यायचा का, असा तिथला आक्षेप. अक्षराला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात मी वाढलेय, त्यामुळे मला तो आक्षेप पटकन कळला. पण नाव वाचायला मान झुकवावी लागते, हेही त्या संध्याकाळी कळलं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, ‘‘बरं झालं, आमच्या घरासमोर नाहीयेत.’’

ते हात पुसत उठले. म्हणाले, ‘‘तुमच्या घरासमोर नाहीत याचा अर्थ तिथे कुणी नव्हतं असा नाही. कुणी शोधलेलं नाही, एवढाच.’’

घराचा सात-बारा

मी क्वालिटी अ‍ॅनालिस्ट आहे. कुणीतरी ‘शोधलेलं नाही’ म्हटलं की मला झोप येत नाही!

सुरुवात अगदी सोपी निघाली. बर्लिनची जुनी अ‍ॅड्रेस बुकं, अगदी १९४३ पर्यंतची, तिथल्या लायब्ररीने स्कॅन करून इंटरनेटवर टाकली आहेत. रस्त्याचं नाव काढायचं, घराचा नंबर काढायचा, की त्या साली तिथे कोण कोण राहत होतं त्यांची नावं आणि व्यवसाय समोर येतात. मालकाच्या नावापुढे ‘ई’. आपण सात-बारा काढतो, तसंच. मी रात्री दीड वाजेपर्यंत एकेक साल उघडत बसले. १९३० मध्ये आमच्या घरात वकील, डॉक्टर, कापडाचा व्यापारी. १९४३ च्या पुस्तकात त्यांतली निम्मी नावं गायब. त्यांच्या जागी नवीन नावं.

आता हा भाग कुठला ते सांगायला हवं. शोनेबर्गमधला हा बव्हेरियन क्वार्टर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुखवस्तू लोकांसाठी बांधला गेला. रुंद रस्ते, छोटे चौक, कारंजी. इथे ज्यू कुटुंबं इतकी होती की लोक त्याला ज्यूंचं स्वित्झर्लंड म्हणायचे. १९३३ मध्ये शोनेबर्गमध्ये सोळा हजारांच्या आसपास ज्यू राहत होते. आइनस्टाइन इथलाच, आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर.

आज या भागात दिव्यांच्या खांबांवर ८० पाट्या आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी १९९३ मध्ये लावलेल्या. एका बाजूला साधं चित्र, बालवाडीच्या भिंतीवर असतं तसं, आणि दुसऱ्या बाजूला एक नियम, तारखेसह. पावाचं चित्र, मागे लिहिलंय: बर्लिनमधल्या ज्यूंनी फक्त दुपारी चार ते पाच या वेळात खाद्यपदार्थ विकत घ्यावेत, १९४०. मांजराचं चित्र, मागे: ज्यूंना पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत, १९४२. पाट्या पहिल्यांदा लागल्या तेव्हा काही रहिवाशांनी घाबरून पोलिसांना फोन केला, त्यांना वाटलं नाझी परत आले. मी मांजराच्या पाटीखालून रोज भुयारी रेल्वेला जायचे. मला वाटायचं, प्राण्यांच्या डॉक्टरची जाहिरात असेल.

शनिवारी मी शोनेबर्गच्या टाऊन हॉलमध्ये गेले. केनेडींनी १९६३ मध्ये ‘मी बर्लिनकर आहे’ असं म्हटलं, तीच ही इमारत. आत एक प्रदर्शन आहे, ‘आपण शेजारी होतो’ अशा अर्थाच्या नावाचं. भिंतींवर हाताने लिहिलेली कार्डं, सहा हजारांच्या वर. इथून ज्यांना नेलं त्यांची. आणि ती लावली आहेत रस्त्यांप्रमाणे, घरांच्या नंबरांप्रमाणे. म्हणजे तुम्ही आत जाता आणि आपल्या घराचा नंबर शोधता.

आमच्या नंबरखाली अकरा कार्डं होती.

मी मोजली. परत मोजली. मग बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले. खाली चौकात शनिवारचा बाजार भरला होता, कुणीतरी भाजलेले बदाम विकत होतं.

सोळा पानांचा फॉर्म

अकरांपैकी आमच्या फ्लॅटमधले कोण, हे कार्डावरून कळत नव्हतं. त्यासाठी पॉट्सडॅमजवळ गोल्म इथे ब्रांडेनबुर्गच्या सरकारी अर्काइव्हमध्ये जावं लागलं. बर्लिनमधून नेलेल्या ज्यूंच्या मालमत्तेचा हिशेब करणाऱ्या आयकर कचेरीच्या फायली तिथे आहेत, चाळीस हजारांच्या वर. आधी ईमेल करायचं, नाव आणि जन्मतारीख द्यायची, मग फाइल टेबलावर येते. मी ऑफिसात ‘पर्सनल काम’ म्हणून सुट्टी टाकली. मॅनेजरने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

फाइल पातळ होती. फिकट तपकिरी पुठ्ठा, आत सोळा छापील पानं. हा फॉर्म नेण्याआधी प्रत्येकाला भरावा लागायचा. घर कुठल्या मजल्यावर, किती खोल्या, भाडं किती, कधीपर्यंत भरलंय. मग सामान. कपाटं किती, गाद्या किती, पडदे किती, चमचे किती. प्रत्येकापुढे नग आणि किंमत.

पहिली ओळ वाचून माझ्या हातांना घाम आला. तिसरा मजला, उजवीकडे. खोली: एक, स्वयंपाकघराला लागून, चौकाच्या बाजूची.

माझी खोली.

तिचं नाव मी इथे देत नाही, कारण तिच्या नातेवाइकांचा शोध अजून चालू आहे. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, व्यवसाय बुककीपर. ‘सारा’ हे मधलं नाव तिचं नव्हे. १९३९ पासून प्रत्येक ज्यू बाईला ते लावणं सक्तीचं होतं, पुरुषांना ‘इस्रायल’. अ‍ॅड्रेस बुकात ती का नव्हती, तेही कळलं. ती पोटभाडेकरू होती. एप्रिल १९३९ च्या कायद्याने ज्यू भाडेकरूंचं संरक्षण काढून घेतलं, कुणालाही घराबाहेर काढता येऊ लागलं आणि मग बेघर झालेल्यांना उरलेल्या ज्यू घरांमध्ये कोंबलं गेलं. मूळ भाडेकरू असलेलं म्हातारं जोडपं, एक विधवा, एक निवृत्त शिक्षक आणि ही. पाच खोल्या, एक स्वयंपाकघर. कोणाची भांडी कुठल्या फळीवर, यावरून त्यांचेही खटके उडत असतील का? आमचे उडतात.

तिचं सामान: पलंग एक, कपाट एक, टेबल एक, खुर्च्या दोन, दिवा एक. येणं बाकी या रकान्यात तिने कारखान्यातली शेवटच्या आठवड्याची मजुरी लिहिलीय. बुककीपरला तोवर सक्तीने कारखान्यात लावलं होतं. अक्षर नीट, एका रेषेत. आकड्यांची बेरीज बरोबर आहे. मी तपासली.

पुढची पानं तिची नाहीत. कोर्टाच्या बेलिफाने येऊन सामानाची किंमत केली, सगळं मिळून शंभर मार्कही नाहीत. वीज कंपनीचं पत्र: बाईंचं बिल थकलंय, कुणी भरायचं? घरमालकाचं पत्र: खोली सीलबंद असल्याने भाडं बुडतंय, भरपाई मिळावी. मग स्मरणपत्र. मग दुसरं स्मरणपत्र. कचेरीचं उत्तर, जावक क्रमांकासकट. शिवी नाही, आरडाओरडा नाही, सगळं कसं ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून’. मी रोज असेच मेल लिहिते. फॉलो-अप, पेंडिंग, क्लोज्ड. हा पत्रव्यवहार १९४३ पर्यंत चालला. तिला नेलं होतं २५ जानेवारी १९४२ ला.

फायलीतल्या एका कागदावरून दिसतं की १९३९ मध्ये तिने देश सोडायची खटपट केली होती, कराची कसलीही बाकी नाही असा दाखला मागितला होता. पुढे काय फिसकटलं ते फाइल सांगत नाही. ज्यांना आधी सुचलं आणि जमलं, ते सुटले. त्यांतले काही तर आपल्या मुंबईत पोचले. मूळ बर्लिनचे रुडॉल्फ फॉन लायडन १९३३ मध्ये मुंबईला आले आणि पुढे हुसेन-रझा-सूझांच्या पिढीच्या पाठीशी उभे राहिलेले कलासमीक्षक झाले. बर्लिनमध्ये संगीत शिकलेले वॉल्टर कॉफमन १९३४ मध्ये आले. आकाशवाणीची ती सकाळची धून त्यांचीच. युद्ध पेटल्यावर ब्रिटिशांनी इथल्या जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केलं, त्यात हिटलरपासून पळून आलेले ज्यूही सापडले. त्यांची एक छावणी होती पुरंदरावर. ज्या पुरंदरावर आम्ही कॉलेजात असताना पावसाळ्यात भजी खायला जायचो, तिथे!

ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मनीतून ज्यूंना बाहेर जायची बंदी झाली. त्याच महिन्यात बर्लिनमधून पहिली गाडी सुटली.

फलाट १७

एस-७ ही लोकल पकडली की ग्रुनेवाल्ड स्टेशन येतं. श्रीमंतांची वस्ती, झाडी, बंगले. तिथला १७ क्रमांकाचा फलाट १९९८ पासून स्मारक आहे. रुळांच्या कडेने लोखंडी पट्ट्या, १८६. प्रत्येक पट्टीवर एका गाडीची तारीख, माणसांची संख्या, कुठून कुठे. बर्लिनमधून एकूण पन्नास हजारांहून जास्त ज्यूंना नेलं. रुळांमधून आता बर्चची झाडं उगवली आहेत, ती मुद्दाम तशीच ठेवली आहेत.

२५ जानेवारी १९४२, बर्लिन ते रिगा. हजाराहून जास्त माणसं, कडाक्याची थंडी. कित्येक जण वाटेतच गारठून गेले. त्या गाडीतले जिवंत परतलेले बोटांवर मोजण्याइतके. ती त्यांत नव्हती.

त्याच लोकलने आणखी दोन स्टेशनं पुढे गेलं की वानझे. तळ्याकाठचा तो सुंदर व्हिला आता म्युझियम आहे. २० जानेवारी १९४२ ला तिथे पंधरा अधिकाऱ्यांची मीटिंग झाली, जेमतेम दीड तास. निमंत्रणात लिहिलं होतं, नंतर न्याहारीची सोय आहे. ज्यूंना मारायला सुरुवात आधीच झाली होती. या मीटिंगमध्ये ठरलं ते कुठल्या खात्याने काय करायचं. मीटिंगच्या मिनिट्समध्ये युरोपातल्या एक कोटी दहा लाख ज्यूंचा देशवार तक्ता आहे. तिची गाडी त्यानंतर पाच दिवसांनी सुटली. मी तो तक्ता काचेआड पाहिला. फॉरमॅटिंग उत्तम होतं, हे माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

खालच्या आजी

आता राहिली ती गोष्ट, जी लिहावी की नाही असं मला खूप दिवस वाटत होतं.

म्हाताऱ्या जोडप्याला १९४२ च्या उन्हाळ्यात तेरेझिनला नेलं आणि फ्लॅट पूर्ण रिकामा झाला. बर्लिनमधली ज्यूंची रिकामी घरं कुणाला द्यायची, हे हिटलरचा आर्किटेक्ट आल्बर्ट श्पेअर याची कचेरी ठरवायची. त्या जोडप्याच्या फायलीत नव्या भाडेकरूचं आडनाव आहे. सरकारी नोकर, बायको, एक मुलगी. आधीच्या लोकांच्या सामानातलं स्वयंपाकघरातलं कपाट विकत मिळावं, असा त्याचा अर्जही आहे. मंजूर.

ते आडनाव मी रोज बघते. आमच्या बेलच्या पाटीवर सगळ्यांत खाली, तळमजला.

या आजी सत्त्याऐंशीच्या घरात आहेत. माझी पार्सलं त्याच घेतात, मला जर्मन व्याकरण त्यांनीच शिकवलं, पहिल्या हिवाळ्यात मला ताप आला तेव्हा सूप घेऊन तीन जिने चढून आल्या होत्या. इतक्या वर्षांत मजले बदलले, पण घर तेच, असं कौतुकाने सांगायच्या. सहा वर्षांची असताना आले, म्हणायच्या. मी कधी हिशेब केला नव्हता.

सांगायचं की नाही? स्पॅनिश मित्र म्हणाला, सोड, या वयात कशाला. पोलिश मैत्रीण म्हणाली, ‘‘आमच्याकडे प्रत्येक घराचं हेच आहे. कुणी विचारत नाही म्हणून सगळे नीट झोपतात.’’ आईला फोन केला, तर तिचं तिसरंच. ‘‘त्या मुलीचं नाव कळलं ना तुला? मग आधी तिच्या नावाने एक दिवा लाव. बाकीचं नंतर बघू.’’ मी खिडकीत दिवा लावला. पंधरा दिवस घेतले. मग एका रविवारी केक घेऊन खाली गेले.

मी कागद दाखवले नाहीत, नुसतं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘आई सांगायची, आधीचे लोक प्रवासाला गेले. मी विचारलं होतं, सामान न घेता?’’ थोडं थांबून, ‘‘एकदाच विचारलं होतं.’’

त्यांच्या स्वयंपाकघरात एक जुनं, पांढऱ्या रंगाचं कपाट आहे, काचेच्या दारांचं. मी त्याकडे बघत नव्हते, म्हणजे बघायचं नाही असं ठरवून बसले होते. त्यांनीच बघितलं. ‘‘ते आईचं आहे,’’ म्हणाल्या. मी काही बोलले नाही. तसली कपाटं या शहरात हजारो असतील. फायलीत लिहिलंय फक्त ‘कपाट, स्वयंपाकघरातलं, एक’.

केक तसाच राहिला. पुढचे दहा दिवस माझी पार्सलं पोस्टात परत गेली. मला वाटलं, संपलं.

अकराव्या दिवशी बेल वाजली. तीन जिने चढून दम लागला होता त्यांना. आत आल्या नाहीत, दारातूनच विचारलं, ‘‘ती कुठल्या खोलीत राहायची?’’

मी माझ्या खोलीचं दार उघडलं. पलंग, कपाट, टेबल, दोन खुर्च्या, दिवा. त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. ‘‘ही माझी अभ्यासाची खोली होती,’’ म्हणाल्या.

आम्ही दगडांसाठी अर्ज केला आहे, आमच्या मजल्यावरच्या पाच जणांसाठी. बर्लिनमध्ये रांग मोठी आहे, काही वर्षं लागतात. नातेवाईक सापडले तर त्यांना विचारायचं असतं, मजकूर तपासायचा असतो. पैसे आम्ही चौघं घालणार होतो. आजींनी पाकीट आणून दिलं, एका दगडाचे. कुणाच्या, तेही सांगितलं. जागा आम्ही हेरून ठेवलीय, सायकल स्टँड आणि दार यांच्या मधली.

परवा संस्थेकडून मेल आला, नावाचं स्पेलिंग कन्फर्म करा म्हणून. कार्डावर शेवटी एक ‘टी’ आहे, फॉर्मवर दोन. मी आजींना विचारायला खाली गेले. त्यांनी चष्मा लावला, तिच्या सहीची झेरॉक्स दिव्याखाली धरली आणि बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं.

दोन ‘टी’ आहेत.